वायसरच्या डब्यातली कडी

औषधाच्या दुकानातला माणूस माझं नाव ऐकलं की आधी दाराकडे पाहतो. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळतो, वरून काळी पिशवी घालतो. आणि एवढं करूनही गिऱ्हाईक ती पिशवी शर्टाच्या आत दाबून भिंतीच्या कडेकडेनं निघून जातं. हातात रीतसर पावती असते. तरी चाल चोराची.

माझ्याबद्दल कोणी धड बोलत नाही, म्हणून मीच बोलायचं ठरवलं. मी एक कडी आहे. सिलिकॉनची, काळी, तान्ह्या बाळाच्या बांगडीहून लहान. दोन बाजूंना दोन छोटे कान आहेत, ओढून काढायला सोपं जावं म्हणून. काही पुरुषांच्या इंद्रियाला ताठरता येते, पण टिकत नाही. रक्त भरतं आणि लगेच माघारी फिरतं. अशा वेळी मला मुळाशी चढवतात आणि मी ते रक्त थोडा वेळ धरून ठेवते. माझं काम एवढंच. यात जादू नाही, जडीबुटी नाही, हिमालयातला कोणी बाबा नाही. चष्मा लावून माणूस वाचतो, काठी घेऊन चालतो, तसंच हे. पण चष्मा काळ्या पिशवीत घालून नेलेला मी कधी पाहिला नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यात ओतलं, भट्टीत भाजलं, मग टेबलाशी बसलेल्या एका बाईनं मला दोन बोटांत धरून दहा वेळा ताणलं आणि सोडलं. मी कशासाठी आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नुसता कंटाळा होता. तो कंटाळा मला अजून आठवतो. पुढं इतका सरळ चेहरा फार थोड्या माणसांचा पाहायला मिळाला.

एका डबीत आम्ही तिघी बहिणी होतो. थोरली सैल, मी मधली, धाकटी घट्ट. सोबत घडी घातलेला एक कागद. कोणी, कसं, किती वेळ, सगळं चित्रं काढून त्यात छापलेलं. हा कागद कोणी वाचत नाही. आमच्या नावावर जेवढी बदनामी जमा आहे, त्यातली निम्मी तरी या न वाचलेल्या कागदाची आहे.

मला विकत घेतलं हेमराजनं. वय चोपन्न, आर्वीच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा पाहणं आणि माइकवरून घोषणा करणं हे त्याचं काम. आवाज असा, की तो बोलला की झोपलेला प्रवासी पिशवी घेऊन उभा राहतो. घरी वडील रामाजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अजून कपाशीवर स्वतः फवारणी करणारे. बायको प्रमोदिनी, आर्वीपासून सहा किलोमीटरवरच्या त्यांच्याच गावात आशाताई. दारोदार जाऊन ती बायकांना पाळणा लांबवायच्या गोष्टी समजावते, निरोधची पाकिटं वाटते, आणि सासूसमोर सुनेला पाळीची तारीख विचारते. मुलगी स्वीटी लग्न होऊन नागपूरला.

म्हणजे दोघांचंही पोट बोलण्यावर. आणि वर्षभरापासून या दोघांत एका गोष्टीबद्दल एक शब्द झाला नव्हता. हेमराजनं आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली होती. कारण सांगितलं, कूलरचा वारा सोसत नाही. पुढं हिवाळा आला, कूलर माळ्यावर गेला. खाट मात्र बाहेरच राहिली.

ज्या दिवशी त्यानं मला घेतलं, त्या दिवशी तो वर्ध्याच्या एका दवाखान्यात आला होता. घरी सांगून आला होता, मीटिंग आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि खालच्या दुकानातून मला आणायला पाठवलं. डबी टेबलावर ठेवून तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"मॅडम, एक इचारू का? तुमच्याकडं सायब नाईत का कोणी? म्हंजे पुरुष."

"आहेत. ते कानाचे डॉक्टर आहेत. पाठवू त्यांच्याकडे?"

हेमराजनं डबी पुढं सरकवली. डॉक्टर चारुता यांनी डबी उघडली आणि मला बोटावर चढवून दाखवलं.

"तुम्हाला अकरा वर्षं साखर आहे. मागच्या दिवाळीत छातीत दुखून ॲडमिट होतात, तेव्हापासून जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगता. ती गोळी घेणाऱ्यानं ताकदीची गोळी, पूड, चाटण यातलं काहीही घ्यायचं नाही. दोन्ही एकत्र पोटात गेलं तर रक्तदाब असा पडतो की माणूस जागचा उठत नाही. कळलं?"

"कळलं."

"दोन जिने चढताना छाती भरून येत नाही, तेव्हा बायकोजवळ जायला हरकत नाही. सिकलसेल असलेल्याला ही कडी चालत नाही; तुमचा रिपोर्ट मी पाहिला, तो ठीक आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून काळंनिळं दिसलं की हे बंद आणि सरळ माझ्याकडे. आधी सैल कडी एकट्यानं घालून, काढून बघा. पुढं गरज पडली तर मधली. जास्तीत जास्त अर्धा तास. घालून झोपायचं नाही. दुखलं, गार पडलं, बधीर झालं, की काढायची. आणि दोरा, रबरबँड, लोखंडी कडी असले उद्योग करायचे नाहीत. मागं एकजण बेअरिंगची कडी घालून आला होता. आम्हाला वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागलं."

हेमराजनं पाय जवळ घेतले. "अर्धा तास म्हंजे तीस मिनिटं?"

"एकतिसावं नाही. काय काम करता तुम्ही?"

"एसटीत. गाड्या टाइमवर सोडतो."

"मग तुम्हाला जमेल. आता शेवटचं. बायकोला सांगायचं. हे दोघांचं औषध आहे, चोरून घ्यायचं नाही."

हेमराजनं मला उचलून डबीत ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, त्याच्याआधीचं सगळं जमते."

पुढचे पंधरा दिवस मी त्याच्या जेवणाच्या पिशवीत राहिले. घरी ठेवायची भीती, म्हणून रोज डबा, पाण्याची बाटली आणि आम्ही तिघी स्टँडवर ड्युटीला. दिवसभर ऐकायचे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आष्टीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. घरी तो वऱ्हाडी बोलायचा. माइकसमोर उभा राहिला की छापल्यासारखी मराठी. कोणाची पिशवी हरवली, कोणाचं लेकरू चुकलं, कोणाची गाडी रद्द झाली, साऱ्या तालुक्याच्या अडचणी तो न अडखळता सांगायचा. संध्याकाळी घरी गेला की ताटावर बसून मीठ मागायचा आणि उठायचा.

त्याच्या जवळचा एकच माणूस होता, निकेश कंडक्टर. हेमराजनं त्याला आडून आडून थोडं सांगितलं होतं. झालं, निकेश तज्ज्ञ झाला.

"भाऊ, दवाखान्यात काऊन गेलते? आपले भैयाजी हायेत ना बाजारात. तीन पुड्या, खेल खतम. माह्या साळ्याले फरक पडला."

"काय झालतं साळ्याले?"

"झालतं काई नाई. पण फरक पडला."

या भैयाजीबद्दल मला दोन शब्द बोलू द्या. बाजाराच्या तोंडाशी तंबू, बाहेर सिंहाचं चित्र, आत काचेच्या बरण्यांत रंगीत मुळ्या आणि एक मेलेली घोरपड. हा माणूस नाडी पाहत नाही, साखर विचारत नाही, छातीचं तर नाहीच नाही. समोरच्याचा खाली गेलेला चेहरा पाहतो आणि भाव ठरवतो. त्याच्या पुडीत काय असतं ते तो सांगत नाही. कित्येकदा असल्या पुड्यांत तीच ताकदीची गोळी कुटून मिसळलेली असते, जी हेमराजसारख्यानं जिभेला लावायची नाही. भर चौकात याचा फलक आठ फूट उंच. आणि मी, डॉक्टरांनी लिहून दिलेली, काळ्या पिशवीत. मला राग येतो तो इथं.

एके दिवशी निकेशनं लोणच्यासाठी पिशवीत हात घातला आणि त्याची बोटं माझ्या डबीला लागली. हेमराजनं पिशवी अशी हिसकली की वरण सांडलं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, हिला घरीच कुठं तरी लपवायचं. आणि त्या शहाण्या माणसानं शोधून शोधून जागा काढली ती वायसरच्या डब्याची.

कापूसपट्ट्यातल्या घरोघरी हा डबा असतो. जुना, पत्र्याचा. त्यात फवारणी पंपाचे सुटे भाग, गळती थांबवायचे रबरी वायसर, नोझल, नळीचे तुकडे, गंजलेले स्क्रू. कोणी काही फेकत नाही, सगळं त्या डब्यात जातं. हेमराजला वाटलं, या कचऱ्यात कोण पाहणार? आणि महिना होता ऑगस्ट. फवारणीच्या दिवसांत त्या डब्याइतकी वर्दळ घरातल्या देव्हाऱ्यालाही नसते.

दुसऱ्याच दिवशी रामाजी आले. त्यांच्या पंपाची नळी दांडीला जिथं जोडतात तिथं गळत होती, फवारणीचं औषध हातावर येत होतं. चष्मा न लावता त्यांनी डबा चाचपला, आमची डबी उघडली, थोरलीला उचललं, ताणून पाहिलं, कान ओढून पाहिले. "हं," एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन शेतात गेले. माझी थोरली बहीण, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतलेली, पहिल्याच कामाला पंपाच्या सांध्यावर चढली.

त्यानंतर दोन दिवसांनी प्रमोदिनी आली. मोरीतला नळ गळत होता, तिला वायसर पाहिजे होता. तिच्या हाती लागलो आम्ही. तिनं डबी पाहिली, कागद उघडला आणि तिथंच उभी राहून तो पूर्ण वाचला, चित्रांसकट. असा वाचक आम्हाला पहिल्यांदाच मिळाला. मला धन्य वाटलं, पण क्षणभरच. कारण कागद वाचून झाल्यावर तिनं डबीतल्या जागा मोजल्या. जागा तीन, कड्या दोन.

नवरा वर्षभर जवळ येत नाही. त्यानं ही वस्तू लपवून ठेवली आहे. आणि त्यातली एक वापरात आहे. यातून कोणतीही बायको जो हिशेब काढेल, तोच तिनं काढला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, तिसरी कपाशीत आहे. पण आमच्या जातीला आवाज कुठला.

ती काही बोलली नाही. तिनं आम्हाला आपल्या आशाच्या बॅगेत टाकलं, लोहाच्या गोळ्यांशेजारी. चार दिवस घरात भाकरी ताटात वाढली जात नव्हती, ठेवली जात होती. हेमराजला वाटलं, बायको आपल्याला कंटाळली. डब्यातली डबीही नाहीशी झालेली. तो घाबरला आणि शनिवारी ड्युटी सुटल्यावर भैयाजीच्या तंबूत गेला. परतला तेव्हा शर्टाच्या खिशात तीन पुड्या होत्या. जिभेखालची गोळी त्याच खिशात होती.

आता प्रश्न एवढाच उरला होता, की आधी या माणसाचं तोंड उघडतं की पुडी.

रविवार उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर रामाजी ओसरीवर बसले होते. शेजारचे सोनबा आले. मी जिच्यात होते ती प्रमोदिनीची बॅग तिथंच खुंटीला होती. हेमराज पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, खिशावर हात.

"हेमराज," रामाजी म्हणाले, "तो डब्यातला काळा वायसर कुठून आणला बे? लय जोरदार हाय. आठ दिवस झाले, एक थेंब गळत नाई."

"कोणता वायसर, बाबा?"

"तो नाई का, दोन कानवाला."

तांब्या हेमराजच्या हातातून पडला नाही, पण पाणी सगळं पडलं.

सोनबा सरसावून बसले. "मलेही एक पायजे, हेमराजभाऊ. काका कालपासून साऱ्या गावाले दाखवून राह्यले. आमच्या पंपाची तेच गत हाय. मोठा भेटते का त्याच्यात?"

"तो," हेमराज म्हणाला, "तो कंपनीनं बंद केला."

"बंद काऊन केला?" रामाजी चिडले. "चांगली वस्तू दिसली का बंद करते. असंच हाय यायचं. असा घट्ट धरते, बापा, माह्या जन्मात असा वायसर पाह्यला नाई."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग प्रमोदिनी दारात आली. पदर तोंडावर धरलेला, डोळ्यांत पाणी. सोनबांना वाटलं कांदा चिरत असेल. तिनं खुंटीवरची बॅग घेतली आणि म्हणाली, "जरा आत या."

आत गेल्यावर तिनं आम्हा दोघींना खाटेवर ठेवलं. हेमराज भिंतीला टेकला.

"चार दिवस मी तुमाले मनातल्या मनात काय काय म्हटलं, तुमाले ठाऊक नाई," ती म्हणाली. "मले वाटलं दुसरी हाय कोणी. आन् तुमची ते दुसरी मामाजीच्या पंपावर."

"प्रमोदिनी..."

"आता बोला. मी साऱ्या गावच्या पोरीले शिकवते, नवऱ्यासंग बोलत जा. माह्याच घरी मुका नवरा."

हेमराजनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मला वाटलं याला ती जिभेखालची गोळी द्यावी लागते.

"जमत नाई वो," तो म्हणाला. "मले बोलताच येत नाई हे."

"स्टँडावर कसं येते? तोंड फिरवा भिंतीकडं. सांगा तसंच."

तिनं हे चिडून म्हटलं होतं. पण हेमराज खरंच वळला. भिंतीकडे तोंड करून त्यानं घसा साफ केला, खांदे सरळ केले, आणि त्याचा तो आवाज लागला. हळू, पण तोच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हेमराज रामाजी, वय वर्षे चोपन्न, यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे गेल्या एका वर्षापासून त्यांचे शरीर त्यांना साथ देत नाही. सुरुवात होते, टिकत नाही. ही माहिती संबंधितांना वेळेवर देण्यात आली नाही. कूलरचे कारण खोटे होते." तो थांबला. श्वास घेतला. "यात संबंधितांचा कोणताही दोष नाही. संबंधित आजही पूर्वीइतक्याच..." इथं आवाज फाटला. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."



"संबंधित म्हंजे कोण?" प्रमोदिनीनं विचारलं.

"तू."

ती खाली बसली. वर्षभर ती आरशासमोर उभी राहून आपल्यात कोणती खोट शोधत होती, ते त्याला त्या क्षणी कळलं असावं. कारण तो वळला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "अजून एक सूचना हाय," आणि खिशातून तीन पुड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

तिनं वास घेतला. तिचा चेहरा पार आशाताईचा झाला. "किती खाल्ल्या?"

"एकही नाई. आज पहिली खानार होतो."

"जिभेखालची गोळी कुठं हाय?"

"त्याच खिशात."

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, जोरात. मग तिथंच डोकं टेकून रडली. पुड्या प्लास्टिकमध्ये बांधून तिनं बॅगेत टाकल्या आणि सोमवारी आरोग्य केंद्रात नेऊन दिल्या. भैयाजीचा तंबू पुढं उठला. उठला म्हणजे दुसऱ्या तालुक्यात गेला. सिंह सोबत गेला असेल.

खाट आत आली. पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही, पण जेवढं तुमच्या उपयोगाचं आहे तेवढं सांगते. पहिल्यांदा जमलं नाही. केस ओढले गेले, हेमराज कळवळला, दोघं हसत बसले. दुसऱ्यांदा तिनं कागद पुन्हा वाचून काढला, पाण्यात विरघळणारी निसरडी जेली आणली. सैल कडी पंपावर अडकलेली, म्हणून मी मधलीच कामाला लागले. तिसऱ्यांदा जमलं. मी जादू केली नाही. मला चढवलं की थोडं गार लागतं, थोडं आवळल्यासारखं वाटतं, विशीतलं काही परत येत नाही. पण जे येतं ते थोडा वेळ थांबतं, आणि त्यांना तेवढंच पाहिजे होतं. पंचवीस मिनिटांचा गजर प्रमोदिनीच्या मोबाइलवर लावलेला असे. तो वाजला की हेमराज सवयीनं म्हणायचा, "टाइम झाला."

त्याहून मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते. ज्या दिवशी माझं काम नसे, त्या दिवशीही ते बोलत पडायचे.

दीड वर्ष मी काम केलं. मग माझ्या अंगावर बारीक भेगा दिसू लागल्या. भेगा पडल्या की बदलायची, हेही त्या कागदात लिहिलेलं असतं. नवी डबी आली. या वेळी हेमराजनं ती दुकानात मोठ्यानं मागितली. इतक्या मोठ्यानं, की मागे उभ्या असलेल्या दोघांनी आपल्या चिठ्ठ्या खिशात घातल्या, आणि मग एकानं आपली पुन्हा बाहेर काढली. हे त्यानंच घरी येऊन सांगितलं.

मला फेकायचं ठरलं होतं. तेवढ्यात रामाजी दारात आले. औषध लागून लागून थोरली कडक झाली होती, तुटली होती.

"सूनबाई, तो काळा वायसर एखादा हाय का वो?"

प्रमोदिनीनं मला साबणानं दोनदा धुतलं, पुसलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "हा शेवटचा हाय, मामाजी. जपून वापरजा."

तर आता मी कपाशीत असते. नळी आणि दांडी यांच्या सांध्यावर, रामाजींच्या मनगटाजवळ. सोनबांचा पंप अजून गळतो आणि ते अजून त्या कंपनीला शिव्या देतात.

जाता जाता तुम्हाला विनवते. लाज वाटत असेल तर वाटू द्या, पण डॉक्टरांकडे जा. तुमची साखर आणि छाती त्यांना तपासू द्या, कारण कधी कधी हा त्रास त्याच आजारांची पहिली खबर असतो. कागद वाचा. घड्याळ लावा. आणि मला वायसरच्या डब्यात लपवू नका. समोर बसून सांगता येत नसेल, तर भिंतीकडे तोंड करून सांगा. पण सांगा.

सकाळी रामाजी पंप पाठीवर घेऊन निघाले की हेमराज आणि प्रमोदिनी दारात उभे असतात. दोघं एकमेकांकडे पाहत नाहीत, पाहिलं की संपलं.

"काऊन हासून राह्यले बे?" रामाजी विचारतात.

"काई नाई, बाबा. जपून जाजा."

रामाजी दांडी उचलतात, पंपात हवा भरतात. सांध्याशी दाब येतो आणि मी घट्ट धरते.